मालिका अपूर्ण: सिॲटलचं नवं अरीना आणि १९१९ चा न झालेला सामना

हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. ऐकायला वेळ नाही पण लोकलमध्ये, मेट्रोमध्ये स्क्रोल करायला वेळ आहे, अशांसाठी. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. सगळे नाही निघाले.

स्टॅन्ले कप नावाचा एक चषक आहे. आइस हॉकीतला सगळ्यात मोठा. १८९२ साली कॅनडाच्या गव्हर्नर जनरलने, लॉर्ड स्टॅन्लेने, तो दिला आणि तेव्हापासून तोच चषक फिरतोय. दरवर्षी नवा बनवत नाहीत. जिंकणाऱ्या टीमचं नाव, खेळाडूंची नावं त्यावर कोरायची. पूर्वी जागा संपली की खाली अजून एक पट्टा जोडत, म्हणून त्याची उंची वाढत गेली. आपल्याकडे देवळातल्या फरशीवर देणगीदारांची नावं असतात ना, साधारण तसं. फक्त इथे पैसे देऊन नाव लागत नाही.

या चषकावर १९१९ सालच्या जागी दोन टीमची नावं आहेत. माँट्रियल कॅनेडियन्स आणि सिॲटल मेट्रोपॉलिटन्स. आणि त्याखाली इंग्रजीत तीन शब्द, ज्यांचा अर्थ होतो, 'मालिका पूर्ण झाली नाही'.

फायनल झाली, पण विजेता नाही. पावसामुळे नाही, भांडणामुळे नाही. आज तीच गोष्ट सांगायची आहे. आणि ती मला एका अगदी नव्याकोऱ्या अरीनात, छताला टांगलेला एक बॅनर बघून कळली, म्हणून त्या अरीनाबद्दलही बोलायचं आहे.

आधी एक खुलासा. मी पुण्याचा. 'हॉकी' म्हटलं की माझ्या डोक्यात खडकी, धनराज पिल्ले, आणि ५ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत जर्मनीला ५-४ ने हरवून मिळवलेलं ब्राँझ. इथे अमेरिकेत मात्र हॉकी म्हटलं की बर्फ. गवतावरच्या हॉकीला वेगळं नाव द्यावं लागतं, 'फील्ड हॉकी'. ऑफिसमध्ये मी 'आम्ही हॉकीत आठ ऑलिंपिक गोल्ड जिंकलीत' असं म्हणालो तर माझा एक माँट्रियलचा सहकारी दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानंतर त्यानेच मला मॅचला नेलं.

तारीख २६ ऑक्टोबर २०२१. सिॲटल क्रॅकन विरुद्ध माँट्रियल कॅनेडियन्स. क्रॅकन ही तेव्हा अगदी नवी टीम, लीगमधली बत्तिसावी. घरच्या मैदानावरची त्यांची पहिली मॅच तीनच दिवस आधी झाली होती, ती व्हँकुव्हरविरुद्ध ४-२ ने हरले होते. आणि ही दुसरी.

डाउनटाउनमधून मोनोरेल घेतली. ही मोनोरेलसुद्धा १९६२ ची, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. गेटवर तिकीट दाखवा, लसीचं सर्टिफिकेट दाखवा, मास्क लावा. त्या महिन्यातलं सिॲटल असंच होतं. आत शिरलो तर पहिली गोष्ट कळली ती म्हणजे आपण खाली उतरतोय. बाहेरून इमारत बुटकी दिसते. आत गेलं की जिन्यावर जिने उतरत खाली बर्फ. १७,१५१ लोक बसतात तिथे, आणि रस्त्यावरून तुम्हाला कळणारही नाही.

याचं कारण छप्पर. १९६२ साली सिॲटलमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं. शहरातला तो प्रसिद्ध मनोरा, स्पेस नीडल, त्या प्रदर्शनाचा. मोनोरेल त्याच प्रदर्शनाची. आणि वॉशिंग्टन राज्याचं दालन म्हणून पॉल थिरी या वास्तुविशारदाने बांधलेली ही इमारत. काँक्रीटचे चार तिरके टेकू आणि त्यावर पसरलेलं प्रचंड उतरतं छप्पर. प्रदर्शन संपल्यावर तिथे बास्केटबॉल आला. सिॲटल सुपरसॉनिक्स नावाची टीम अनेक वर्षं तिथे खेळली. छप्पर गळायचं. ५ जानेवारी १९८६ ला तर बास्केटबॉलची मॅच पावसामुळे थांबवावी लागली. छताखालच्या खेळाची! मुंबईच्या मंडळींना यात काही विशेष वाटणार नाही, पण अमेरिकेत तो किस्सा अजून सांगतात.

मग २००८ मध्ये सुपरसॉनिक्स ओक्लाहोमा सिटीला गेले. शहर सोडून. लोक अजून चिडलेले आहेत. हॉकीचं तर त्याहून वाईट. १९७४ साली सिॲटलला टीम मिळाल्यात जमा होती, पैसे उभे राहिले नाहीत, गेली. १९९० मध्ये पुन्हा प्रयत्न, पुन्हा फसला. नव्वदच्या दशकात इमारत नव्याने बांधली ती बास्केटबॉलच्या मापाने, त्यामुळे हॉकीचं मैदान टाकलं की स्कोअरबोर्ड मधोमध न येता एका बाजूला लटकायचा. असा सगळा कारभार.

शेवटी डिसेंबर २०१८ मध्ये टीम मंजूर झाली. त्याच्या आधी मार्चमध्ये सीझन तिकिटांसाठी डिपॉझिट घ्यायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या १२ मिनिटांत १०,००० लोकांनी पैसे भरले. एकूण आकडा ३२,००० पर्यंत गेला, आणि टीमने ३२ नंबरची जर्सी कायमची प्रेक्षकांच्या नावाने बाजूला ठेवली. कुठलाही खेळाडू तो नंबर घालणार नाही. मला हे आवडलं. मार्केटिंग आहे, पण चांगलं मार्केटिंग आहे.

आता इंजिनिअरिंगचा भाग. शहराने ते छप्पर वारसा म्हणून जाहीर केलेलं, म्हणजे तोडता येणार नाही. पण खालचं सगळं निकामी. मग त्यांनी काय केलं? छप्पर तात्पुरत्या लोखंडी खांबांच्या जंगलावर तोलून धरलं, आणि त्याच्या खालची इमारत काढून टाकली. पूर्ण. छपराचं वजन जवळपास २ कोटी किलो. ते हवेत, आणि खाली पोकलेन माती उपसतायत. मग त्या खड्ड्यात नवं अरीना बांधलं आणि छप्पर परत त्याच्या जुन्या जागी टेकवलं. एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च.

आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टीम म्हणतात. बाहेरचा इंटरफेस जसाच्या तसा ठेवायचा, कारण त्यावर लोकांचा जीव आहे, आणि आतला सगळा कोड फेकून नव्याने लिहायचा. हे स्क्रीनवर करताना आमची फाफलते. यांनी ते काँक्रीटवर केलं. आणि त्याच गळक्या छपरावरचं पावसाचं पाणी आता १५,००० गॅलनच्या टाकीत साठवतात आणि त्याचा बर्फ करतात. सिॲटलचा पाऊस गोठवून त्यावर खेळतात. १९८६ च्या प्रेक्षकांना सांगायला हवं.

मॅच सुरू व्हायच्या आधी दिवे मंदावले आणि एक बॅनर वर गेला. सिॲटल मेट्रोपॉलिटन्स, १९१७, स्टॅन्ले कप विजेते.

मी सहकाऱ्याला विचारलं, टीम तर आत्ता सुरू झाली ना? १९१७ कुठून आलं? तो म्हणाला, 'ती वेगळी टीम. आणि त्यांनी आम्हालाच हरवलं होतं.' आम्हाला म्हणजे माँट्रियलला. म्हणजे क्रॅकनने मुद्दाम माँट्रियलच्या मॅचचा दिवस निवडला होता. पाहुण्यांना घरी बोलवायचं आणि आजोबांनी त्यांना कुस्तीत पाडल्याचा फोटो हॉलमध्ये लावायचा. भारीच.

तर आता १९१७.

त्या काळी हॉकी म्हणजे पूर्व कॅनडाचा खेळ. कारण सरळ आहे, तिथे तलाव गोठतात. पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर-सिॲटलकडे, हिवाळा म्हणजे नुसता पाऊस. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक या दोन भावांनी वडिलांचा लाकडाचा धंदा विकून आलेल्या पैशांतून कृत्रिम बर्फाची मैदानं बांधली. जमिनीत पाइप, पाइपमधून थंडगार खारं पाणी, वर बर्फ. १९११ मध्ये त्यांनी स्वतःची लीग काढली, पूर्वेच्या टीममधले खेळाडू जास्त पगार देऊन फोडले, नियमही स्वतःचे बनवले. थोडक्यात आजच्या भाषेत स्टार्टअप. १९१५ मध्ये सिॲटलला टीम आली. खेळाडू कुठून आणले? टोरोंटोच्या टीममधून एका दमात पाच जण उचलले. नाव पडलं मेट्रोपॉलिटन्स, ते ज्या बांधकाम कंपनीने अरीना बांधलं तिच्या नावावरून. नव्या अरीनालाही आज एका कंपनीनेच नाव दिलंय, तेव्हा 'हल्ली सगळं विकलं' असं म्हणायला फार जागा नाही. सुरुवातीपासूनच विकलेलं होतं.

त्यांची जर्सी लाल, हिरव्या, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची.

१९१७ च्या मार्चमध्ये माँट्रियल कॅनेडियन्स, म्हणजे पूर्वेचे विजेते, ट्रेनने अख्खा खंड ओलांडून सिॲटलला आले. पाचपैकी तीन जिंका, कप तुमचा. एकच अडचण. दोन्ही लीगचे नियम वेगळे. पूर्वेला सहा खेळाडू, पश्चिमेला सात. पुढे पास देण्याचे नियम वेगळे. मग तोडगा असा की एक मॅच तुमच्या नियमांनी, एक आमच्या. हे ऐकून मला आमच्या सोसायटीची आणि शेजारच्या सोसायटीची मॅच आठवली. त्यांच्याकडे वन टप आउट, आमच्याकडे भिंतीला डायरेक्ट लागला तर आउट. आम्ही यावर एक मे महिना वाया घालवला होता. यांनी स्टॅन्ले कप खेळला.

पहिली मॅच माँट्रियलने ८-४ ने मारली. त्यानंतर सिॲटल ६-१, ४-१, आणि २६ मार्चला ९-१. शेवटच्या मॅचमध्ये बर्नी मॉरिस नावाच्या एकाच खेळाडूने सहा गोल केले. मालिकेतल्या चार मॅचमध्ये चौदा. स्टॅन्ले कप पहिल्यांदा अमेरिकन शहरात आला तो सिॲटलला. न्यूयॉर्क नाही, बॉस्टन नाही, शिकागो नाही.

अकरा दिवसांनी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली.

आता दोन वर्षं पुढे जाऊ. पण सिॲटलच्या आधी मुंबईला जायचंय.

जून १९१८. मुंबईच्या गोदीत ड्यूटीवर असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. मलेरिया नव्हता. पहिली लाट आली आणि ओसरली. मग सप्टेंबरमध्ये दुसरी आली आणि तिने कहर केला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. जगात याला स्पॅनिश फ्लू म्हणतात. आपल्याकडे खेडोपाडी त्याचं नाव होतं मानमोडी. भारतात यात एक कोटीहून बरेच जास्त लोक गेले. १८७२ पासूनच्या सगळ्या जनगणना बघा, १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे ज्यात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी कमी झाली.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली, खटावकडची. तिच्या वडिलांची आई आणि दोन भाऊ मानमोडीत गेले. आजीचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला, म्हणजे तिनेही ते ऐकलेलंच. ती एवढंच सांगायची की एकाला पोहोचवून यायचे तोवर घरात दुसरा. बस. याहून जास्त तपशील आमच्या घरात कुणाकडेही नाही. नावंसुद्धा नाहीत. त्या दोन भावांची नावं काय होती, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

मुंबईत ७६८ गेले त्याच आठवड्यात सिॲटलच्या महापौराने, ओले हॅन्सनने, शाळा, नाटकगृहं, चर्च, सभा सगळं बंद केलं. मग मास्कची सक्ती आली. ट्राममध्ये मास्क नसेल तर चढू देत नसत, त्याचे फोटो आहेत, २०२० मध्ये ते फोटो तुमच्याही व्हॉट्सॲपवर आले असतील. ११ नोव्हेंबरला युद्ध संपल्याची बातमी आली आणि लोक रस्त्यावर आले. मास्क गळ्यात, मग खिशात, मग कचऱ्यात. बंदी उठली. शहराने ठरवून टाकलं की साथ संपली.

त्यांना नावं ठेवायला मी तयार नाही. युद्ध संपलेलं, मुलं घरी यायला लागलेली, फेब्रुवारीत तर सिॲटलमध्ये मोठा सार्वत्रिक संप झाला, पासष्ट हजार कामगार. लोकांच्या डोक्यात फ्लू शेवटच्या नंबरवर होता. मार्चमध्ये फायनल ठेवली तेव्हा कुणाला वाटलं नसेल की आपण काही धाडस करतोय. जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मधलं महाराष्ट्रातलं वातावरण आठवा. लग्नाचे हॉल बुक होत होतेच की.

तर मार्च १९१९. पुन्हा माँट्रियल कॅनेडियन्स, पुन्हा ट्रेन, पुन्हा सिॲटल. यावेळी बर्नी मॉरिस नाही. सैन्यभरती चुकवल्याच्या आरोपावरून त्याला ऐन फायनलच्या तोंडावर अटक झाली आणि पुढे त्याची रवानगी अल्काट्राझच्या तुरुंगात झाली. हो, तेच अल्काट्राझ. त्याच्यावर वेगळा एपिसोड होईल.

मॉरिस नसूनही सिॲटलने पहिली मॅच ७-० ने घेतली. दुसरी माँट्रियलने ४-२. तिसरी सिॲटल ७-२. म्हणजे चौथी जिंकली की कप सिॲटलचा.

चौथ्या मॅचसाठी जरा थांबू या. पहिल्या पिरियडच्या अगदी शेवटाला सिॲटलच्या कली विल्सनने गोल मारला. पण शिट्टी त्याच्या क्षणभर आधी वाजली होती. गोल रद्द. त्यानंतर अख्ख्या मॅचमध्ये गोलच नाही. साठ मिनिटं संपली, ०-०. जादा वेळ वीस मिनिटं, तरी ०-०. तेव्हा आजच्यासारखी दर मिनिटाला खेळाडू बदलायची पद्धत नव्हती, राखीव खेळाडू एक-दोन. तेच तेच लोक ऐंशी मिनिटं बर्फावर. शेवटची घंटा झाल्यावर खेळाडू जागच्या जागी कोसळले. मॅच बरोबरीत सोडली. तो विल्सनचा गोल अर्धा सेकंद आधी झाला असता तर हा एपिसोडच नसता. कप सिॲटलचा, सगळे घरी.

पाचव्या मॅचमध्ये सिॲटल ३-० ने पुढे. आणि मग त्यांचे पाय संपले. कुणी जखमी, कुणाचं स्केट तुटलं, कुणी दमून बाहेर. माँट्रियलने तीन गोल फेडले आणि जादा वेळेत चौथा मारून ४-३ ने मॅच काढली. याच मॅचमध्ये माँट्रियलचा बचावपटू जो हॉल मधेच बर्फावरून निघून गेला. त्याला ताप होता.

हिशोब असा झाला: दोन सिॲटल, दोन माँट्रियल, एक बरोबरीत. सहावी आणि शेवटची मॅच १ एप्रिलला.

जो हॉलबद्दल थोडं. वय ३७. जन्म इंग्लंडचा, वाढला कॅनडातल्या मॅनिटोबात. टोपणनाव 'बॅड जो', कारण मैदानावर मारामारीसाठी प्रसिद्ध. काठीने हाणायचा, दंड भरायचा, परत हाणायचा. घरी बायको आणि मुलं. त्या वयात त्या काळचे बहुतेक खेळाडू निवृत्त झालेले असायचे.

१ एप्रिलच्या सकाळी माँट्रियलची निम्मी टीम अंथरुणात होती. हॉल, लालोंड, कूतू, बर्लिंकेट, मॅकडोनल्ड, शिवाय मॅनेजर जॉर्ज केनेडी. कुणाचा ताप १०५ पर्यंत गेलेला. मॅचला काही तास उरलेले असताना सामना रद्द झाला. केनेडीने म्हणे व्हिक्टोरियाच्या टीममधले खेळाडू उसने घेऊन खेळायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. मग तो म्हणाला, ठीक आहे, आम्ही माघार घेतो, कप सिॲटलने घ्यावा.

सिॲटलचा कोच पीट मल्डून नाही म्हणाला. आजारी माणसांकडून कप घ्यायचा नाही.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक इथे थांबतात आणि 'वा, काय खिलाडूवृत्ती' म्हणतात. मला ती तेवढी मोठी वाटत नाही, आणि हे मी मल्डूनला कमी लेखायला म्हणत नाहीये. कल्पना करा, समोरच्या हॉटेलात माणसं तापाने फणफणलीयत, तुमच्या स्वतःच्या टीममधलेही काही जण खोकायला लागलेत, आणि कुणीतरी तुमच्या हातात चषक देतंय. घेऊन करणार काय? मिरवणूक? मल्डूनने जे केलं ते कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं. प्रश्न एवढाच की शहाणी माणसं अशा वेळी नेहमी खुर्चीत असतात असं नाही, आणि त्या दिवशी तो होता.

५ एप्रिल १९१९ ला जो हॉल सिॲटलच्या दवाखान्यात न्यूमोनियाने गेला. बाकीचे खेळाडू हळूहळू बरे झाले. मॅनेजर केनेडीची तब्येत मात्र पुन्हा धड झालीच नाही, १९२१ मध्ये तोही गेला.

बॅनर वर गेल्यावर सहकाऱ्याने मला हे सगळं दोन पिरियडच्या मधल्या ब्रेकमध्ये, बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरत असताना सांगितलं. तोंडावर मास्क, आजूबाजूला गोंगाट, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा. तो सांगत होता आणि माझ्या डोक्यात मे महिना फिरत होता.

मे २०२१ मध्ये माझे काका सांगलीत गेले. दुसऱ्या लाटेत. बारा दिवस ऑक्सिजनवर होते. ४ मेपासून भारतातून अमेरिकेत येण्यावर निर्बंध होते, माझ्या व्हिसावर गेलो असतो तर परत कधी येता आलं असतं माहीत नव्हतं. घरचेच म्हणाले, येऊन करणार काय, इथे आम्हालाही जवळ जाऊ देत नाहीत. स्मशानात दोन माणसं होती आणि एक फोन. फोनच्या या बाजूला मी. काकू नंतर म्हणाली, 'अरे, दहावं नीट झालं नाही, काहीच नीट झालं नाही.' ते 'काहीच नीट झालं नाही' माझ्या कानात राहिलंय. आम्ही मॅच बघत होतो त्या दिवशीही ते निर्बंध होते, ८ नोव्हेंबरला उठणार होते. माझं तिकीट डिसेंबरचं काढलेलं होतं.

त्यामुळे चषकावरचे ते तीन शब्द मला वेगळे लागले. कुणीही जिंकलं नाही हे कोरण्यासाठी कुणीतरी जागा दिली. आणि ते लगेच नाही झालं बरं का. १९१९ च्या जागी बरीच वर्षं काहीच नव्हतं. १९४८ मध्ये चषक नव्याने घडवला तेव्हा हे नाव घातलं गेलं, जवळपास तीस वर्षांनी. २००५ मध्येही कप दिला गेला नाही, पण ती पगाराची भांडणं होती, मालक आणि खेळाडूंची. त्याचीही नोंद कोरलेली आहे. दोन्ही एकाच चषकावर.

आपल्याकडे मानमोडीचं काय कोरलंय? मी शोधलं. युद्धात गेलेल्या सैनिकांच्या पाट्या सापडतात. पुण्या-साताऱ्याकडच्या गावांमध्ये 'या गावातून पहिल्या महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत' अशा संगमरवरी पाट्या आहेत, तुम्ही पाहिल्या असतील. त्याच गावांत त्याच वर्षी तापाने कितीतरी जास्त गेले असणार. त्यांची पाटी मी अजून एकाही गावात पाहिलेली नाही. तुमच्या गावात असेल तर फोटो पाठवा, खरंच पाठवा.

मेट्रोपॉलिटन्सचं पुढे काय झालं ते पटकन सांगतो. १९२० मध्ये ते पुन्हा फायनलला गेले, तुरुंगातून सुटलेला मॉरिसही होता, पण ओटावाकडून हरले. १९२४ मध्ये त्यांच्या अरीनाची जागा गाड्यांच्या पार्किंगसाठी गेली, समोर नवं आलिशान हॉटेल उभं राहत होतं, त्याच्या पाहुण्यांसाठी. टीम बंद. मल्डून पुढे शिकागोचा पहिला कोच झाला, त्याच्या नावाने एका पत्रकाराने १९४३ मध्ये एक शापाची गोष्ट रचली, ती इतकी चालली की लोक खरी मानायला लागले. जो हॉलचं नाव १९६१ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये आलं. आणि सिॲटल सगळं विसरलं. मी इथे चार वर्षं राहत होतो, स्थानिक मित्र आहेत, कुणाच्या तोंडून मेट्रोपॉलिटन्स हा शब्द त्या संध्याकाळपर्यंत ऐकला नव्हता.

मॅच क्रॅकनने ५-१ ने जिंकली. घरच्या मैदानावरचा त्यांचा पहिला विजय. माझा सहकारी गप्प. माँट्रियल आदल्याच मोसमात फायनल खेळलेलं, आणि इथे पहिल्याच महिन्यातल्या टीमकडून पाच खाल्ले. मोनोरेलच्या रांगेत तो एवढंच म्हणाला, '१९१९ ची सहावी मॅच अजून बाकी आहे.' मी म्हणालो, आज झाली ना. तो म्हणाला, 'ही नाही धरायची. नियम ठरले नव्हते.'

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये मी जुन्या अरीनाची जागा बघायला गेलो. फिफ्थ ॲव्हेन्यू आणि युनिव्हर्सिटी स्ट्रीटचा कोपरा. आता तिथे वीस मजली पांढरी इमारत आहे, १९६४ ची, मिनोरू यामासाकीची. तोच, ज्याने न्यूयॉर्कचे जुळे मनोरे बांधले. खाली कमानी आहेत, लोक कॉफी घेऊन बसतात. बर्फ नाही, काही नाही. सिॲटलला आलात तर लाइट रेलने सिम्फनी स्टेशनवर (पूर्वीचं युनिव्हर्सिटी स्ट्रीट) उतरा आणि पाच मिनिटं चढ चढून जा, समोर ते हॉटेल अजूनही आहे. पावसात जाऊ नका, चढ घसरतो.

पुढचा एपिसोड बर्नी मॉरिस आणि अल्काट्राझवर. तोवर त्या पाट्यांचे फोटो पाठवा.